गोठलेलं औषध

बाबांनी मटक्यात कोपरापर्यंत हात घातला, कुल्फीचा पत्र्याचा एक साचा वर काढला, झाकण उघडलं आणि आतून आईच्या इंजेक्शनची बाटली काढून माझ्या हातात ठेवली. साच्याला खडे मीठ चिकटलं होतं. बाटली प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल साच्यात. आमच्या घरात इतकी काळजी कुठल्या वस्तूची घेतलेली मी पाहिली नव्हती.

"बघ," बाबा म्हणाले. "परवापासून लाइटचा पत्ता नाही, फ्रिज बंद पडलाय, पण आपली दवाई एकदम कडक."

खरंच कडक होती. मी बाटली आडवी केली. आतला लाल द्रव हलला नाही.

दोन हजार दोनचा मे महिना होता. त्या उन्हाळ्यात इंदुरात वीज असण्यापेक्षा नसण्याची सवय झाली होती. बाबांची मिल बंद पडून दहा वर्षं उलटली होती. तिथे ते बॉयलरवर होते. मिल बंद झाल्यावर त्यांच्या पाळीतल्या कुणी ऑटो घेतली, कुणी पलासियाच्या बँकेबाहेर पहारेकरी म्हणून उभं राहिलं. बाबांनी बड़ा गणपतीजवळ मटका कुल्फीची गाडी लावली. अर्धं आयुष्य भट्टीपुढे काढलेला माणूस थंडीचा धंदा शिकला आणि चांगला शिकला. बर्फात खडे मीठ घातलं की तो साध्या बर्फापेक्षा किती तरी जास्त थंड होतो, मटक्याला ओलं गोणपाट गुंडाळलं की ती थंडी संध्याकाळपर्यंत टिकते, हे सगळं त्यांच्या हातात बसलं होतं. त्या धंद्यात माल बिघडण्याची एकच तऱ्हा असते, गरम होण्याची. थंडीनंही काही बिघडू शकतं, असं कुल्फीवाल्याच्या कधी अनुभवाला येत नाही.

"बाबा, ही गोठलीय."

"मग? गोठणारच. मीठ काय उगाच टाकलंय?"

"ही गोठवायची नसते."

बाबा हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दुकानवाला तर म्हणाला, काकाजी, ठंडे में रखना, एकदम ठंडे में."

"फ्रिजमध्ये असतं तेवढंच थंड. त्याचा बर्फ व्हायला नको."

"असं नाही बोलला तो."

तो बोलला नव्हता, पण खोक्यावर छापलं होतं. मी खोकं उलटंसुलटं करून शोधलं. खालच्या पट्टीवर, मोहरीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत: गोठवू नका. बाबा मराठी वाचतात, हिंदी वाचतात. महूला फौजेत असलेल्या आजोबांनी त्यांना लहानपणी रोज पेपर मोठ्यानं वाचायला लावला होता. औषध या देशात बनलेलं, विकलेलं इंदुरात, आणि ज्याच्या हाती ते राहणार होतं त्याला वाचता येईल असा एक शब्द त्यावर नव्हता. माझं डोकं तापलं. ज्यांनी ती पट्टी छापली ते कुठल्या तरी गार केबिनमध्ये बसलेले असणार. समोर फक्त बाबा होते.

"मला विचारायचं होतं ना!" मी ओरडले. "मी याच कामाचा पगार घेते, बाबा. हेच करते मी दिवसभर!"

बाबांनी रुमाल झटकला, त्याची घडी घातली.

आईला अंडाशयाचा कर्करोग होता. तीन वर्षांपूर्वी तिला जे औषध दिलं होतं त्याला वॉर्डात सगळे 'लाल दवाई' म्हणत. डॉक्सोरुबिसिन. त्यानं गाठ बसली, पण त्याचा एक दोष सगळ्यांना माहीत असतो: ते हृदयाच्या स्नायूंनाही मारतं, आणि मेलेला तो भाग परत येत नाही. उपचार संपले तेव्हा आईला चाळीचा जिना एका दमात चढता येत नव्हता. आता दुखणं उलटलं होतं. डॉक्टर अरुंधती मॅडमनी सांगितलं होतं की साधी लाल दवाई आता देता येणार नाही, हृदय सोसणार नाही. पण तीच दवाई नव्या रूपात मिळते, ती देऊन पाहू.

त्या नव्या रूपावर मी चार वर्षं काम करत होते. विद्यापीठाच्या फार्मसी विभागात, उंदरांसाठी. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी चरबीची पोकळ गोळी बनवायची आणि औषध तिच्या पोटात भरायचं. चांगल्या रक्तवाहिनीच्या भिंतीतून ही गोळी सहजी बाहेर पडत नाही, त्यामुळे हृदयापर्यंत औषध फार पोचत नाही. गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र घाईघाईत, वेड्यावाकड्या वाढलेल्या असतात. त्यांच्या भिंतींना फटी असतात. त्या फटींतून गोळ्या गाठीत शिरतात, साचतात आणि तिथे हळूहळू औषध सोडतात. सगळी करामत त्या चरबीच्या पातळ भिंतीची. आणि पाणी गोठताना त्याचे जे स्फटिक वाढतात, ते अशी भिंत फाडू शकतात. वितळल्यावर बाटली पुन्हा लालच दिसते. पण औषध तेव्हा गोळीबाहेर मोकळं झालेलं असतं. म्हणजे तीच जुनी लाल दवाई.

काही कंपन्यांचं औषध थोडा वेळ गोठणं सोसतं. या कंपनीचं सोसतं की नाही, मला माहीत नव्हतं.

त्या दिवशीच ते इंजेक्शन द्यायचं होतं, म्हणून आई पांढरी साडी नेसून, पिशवी मांडीवर घेऊन खाटेवर बसली होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं.

"बिघडली का दवाई?"

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

"तू लहानपणापासून अशीच बोलतेस. हो म्हण, नाही तर नाही म्हण."

"बहुतेक हो."

"मग त्यांच्यावर का ओरडलीस? त्यांनी काय विष घातलं?"

मी तिला बाबांबरोबर दवाखान्यात पुढे व्हायला सांगितलं आणि बाटली घेऊन विभागात गेले.

तिथेही वीज नव्हती. मला हवं होतं त्याला ती लागत नाही. पाण्यात फुगवलेल्या बारीक मण्यांनी भरलेली काचेची उभी नळी. वरून थेंब सोडायचा, खालून गोळा करायचं. मोठ्या गोळ्या मण्यांच्या मधल्या वाटांनी भराभर खाली येतात. मोकळं औषध मण्यांच्या आतल्या भोकांत अडकत अडकत मागे राहतं. औषध स्वतःच रंगीत असल्यामुळे डोळ्यांना दिसतं. बाटली चांगली असती तर एकच लाल पट्टा झरझर खाली उतरला असता.

बाटली वितळल्यावर मी निर्जंतुक सुईनं चार थेंब काढले आणि नळीत सोडले. पट्टा थोडा खाली आला आणि त्याचे दोन झाले. पुढचा फिकट गुलाबी, बारीक. मागचा गडद, नारिंगी-लाल, रुंद, वरच्या मण्यांना चिकटल्यासारखा. मी तिथे स्टूलवर बसून राहिले. पुढचा पट्टा परीक्षानळीत आला, मग बऱ्याच वेळानं मागचा दुसऱ्या नळीत. निम्म्याहून खूप जास्त औषध बाहेर होतं. एकदा खात्री करायला पुन्हा चार थेंब सोडले. तेच.

दवाखाना पलासियात होता, एका ट्रस्टचा. बायकांच्या वॉर्डात आई एका पलंगावर मांडी घालून बसली होती आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईशी गप्पा मारत होती. गंगूबाई नाव तिचं, जुनी इंदूरची. तिचा नवराही मिलमध्येच होता, विणकाम खात्यात. तिच्या हाताला लाल सलाइन चालू होतं.

"ये बाई," गंगूबाई म्हणाली. "तुझी आई कधीची वाट बघतेय. मला तर गुलाबाचं सरबत चढवून पण राहिलेत. पण गोड लागत नाही हो, तेवढीच शिकायत."

"तुमची बाटली कुठून आणली, मावशी?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? सगळ्यांची येते तिथूनच. तो रजत भिया नाही का, कोपऱ्यावरचा."

मी अरुंधती मॅडमच्या खोलीत गेले आणि दोन्ही नळ्या त्यांच्या टेबलावर ठेवल्या. मॅडम माझ्याशी नेहमी बरोबरीनं बोलत. त्यांना माझं काम माहीत होतं. त्यांनी नळ्या खिडकीच्या उजेडात धरल्या.

"मागची एवढी?"

"हो. दोनदा केलं."

"कंपनीचा माणूस तर सांगून गेला की थोडं गोठलं तरी काही होत नाही."

"त्यानं नळीत घालून पाहिलं होतं का?"

त्या हसल्या नाहीत. आईची फाइल काढली, हृदयाचा रिपोर्ट पाहिला, फाइल मिटली. "नाही देता येणार. केमोची ही सायकल चुकवायची नाहीये मला, संबोधी. रजतकडे जा, दुसरी आहे का बघ. मी सांगितलंय म्हण."

बाबा माझ्याबरोबर आले. वाटेत एकदाच बोलले. "मीच सांगतो त्याला. चूक माझी आहे, मीच बोलतो."

रजतचं दुकान थंड होतं. मागे जनरेटर धडधडत होता, पण एसीला पुरेल एवढाच. रजत मराठीच, पस्तिशीचा, गळ्यात सोन्याची साखळी, बोलायला गोड. बाबा काउंटरच्या अलीकडे उभे राहिले, हात पुढे बांधून. मिलच्या ऑफिसात ते असेच उभे राहत असणार, असं मला वाटलं.

"साहेब, माझ्याकडून गलती झाली," ते म्हणाले. "मी बाटली बर्फात ठेवली. मीठ घातलेल्या. ती जमली."

"मीठ घातलेल्या?" रजतनं आधी बाबांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "काकाजी, तुम्ही कुल्फी लावली काय दवाईची?" मागचे दोन नोकर हसले. "मलाईवाली की पिस्तेवाली?"

बाबाही हसले. मला तो हसण्याचा आवाज सहन होईना.

"बिघडलीय ती," मी म्हणाले. "दुसरी पाहिजे. मॅडमनी सांगितलंय."

"दीदी, बदलून नाही मिळत ना. आमच्याकडून तर सही सलामत गेली. घरी तुम्ही काय बनवलं, त्याची जिम्मेदारी मी कशी घेऊ? नवीन घ्या, स्टॉक आहे."

"दाखवा."

"काय दाखवू?"

"स्टॉक. कुठे ठेवता?"

"अरे, आपलं एकदम बढिया आहे." तो खरंच अभिमानानं उठला. दुकानाच्या मागच्या बाजूला आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा आडवा डीप फ्रीझर होता, पांढरा, वर सरकतं झाकण. "फ्रिजचं काय होतं दीदी, लाइट गेली की तासाभरात गरम. म्हणून मी महागाचा माल यातच ठेवतो. दोन दिवस लाइट नसली तरी आतून बर्फ हलत नाही. इंदुरात कुणाकडे नाहीये अशी सोय."

त्यानं झाकण सरकवलं. वाफ वर आली. आत खोक्यांच्या थप्पीवर हिम चढलं होतं. तीच खोकी, तीच पट्टी, तीच मोहरीएवढी अक्षरं.

मी काही बोलायच्या आत बाबांनी हात घातला. एक खोकं उचललं, बाटली काढली, बोटांत धरून आडवी केली. त्यांच्या बोटांना जमलेल्या आणि न जमलेल्या मालातला फरक समजायला डोळे लागत नाहीत.

"हे पण गोठलंय," बाबा म्हणाले.

"थंड आहे काकाजी, गोठलेलं नाही."

"मी दहा वर्षं हेच करतोय." त्यांनी बाटली रजतच्या तोंडासमोर धरली. "हलव. हलवून दाखव मला."

रजतनं बाटली घेतली नाही.

"मी इथून नेली तेव्हा वरून पिघळलेली, आतून जमलेली होती," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज हळूहळू चढत होता. "मला वाटलं, उन्हानं. म्हणून घाईनं मटक्यात टाकली. तू मला दिलीस तेव्हा ती आधीच जमलेली होती."

"ते आता कसं प्रूव्ह होणार? तुम्ही पण जमवली ना?"

आणि त्याचं म्हणणं चूक नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. पहिल्यांदा भिंती कुठे फाटल्या, या फ्रीझरमध्ये की आमच्या मटक्यात, हे आता जगातल्या कुठल्याही नळीतून कळणार नव्हतं. दोघांनी एकाच कारणासाठी एकच गोष्ट केली होती. वीज जाते, म्हणून जास्तीत जास्त थंड. फरक इतकाच की एकानं हात बांधून चूक कबूल केली होती आणि दुसऱ्यानं त्यावर कुल्फीची मस्करी केली होती. आणि या दुसऱ्याकडे लायसन्स होतं, फार्मसीची पदवी भिंतीवर चौकटीत होती, इंग्रजी वाचता येत होतं.

"ती पट्टी वाचा," मी रजतला म्हणाले.

"कुठली?"

"खोक्यावरची. खालची. मोठ्यानं वाचा."

त्यानं खोकं हातात घेतलं, डोळे बारीक केले. वाचलं, मोठ्यानं नाही. "कंपनीवाले तर म्हणाले होते, थोडं चालतं," तो पुटपुटला.

"बॉयलरचा पाइप फुटला होता मिलमध्ये," बाबा मध्येच म्हणाले. रजतला नाही, मलाही नाही, त्या फ्रीझरला सांगितल्यासारखं. "वर्षभर लिहून देत होतो, पाइप बदला, पाइप बदला. फुटला, संताजीचा हात गेला, तर साहेब म्हणाले, पाळीवाल्यांनी लक्ष दिलं नाही. आम्ही सगळ्यांनी माफी मागितली. त्याच वर्षी मिल बंद. वरून म्हणाले, कामगारांनी बुडवली." त्यांनी बाटली काउंटरवर आपटली नाही, पण ठेवलीही नाही हळू. "आणि आज मी या पोराची माफी मागितली. माझ्या मुलीसमोर."

दुकानात कुणी हसलं नाही. मी काउंटरवरचा फोन उचलला. रजतनं विचारलं, "कुणाला लावताय?" मी दवाखान्याचा नंबर फिरवला.

"मॅडम, इथला सगळा माल गोठलेला आहे. फ्रीझरमध्ये ठेवतात हे. सगळा. गंगूबाईंना जी चालू आहे तीही इथलीच. बंद करा."

मग मॅडम म्हणाल्या, "ती संपत आलीय."

"मॅडम, त्यांचाही आधी लाल दवाईचा पूर्ण कोर्स झालाय."

"मला माहीत आहे. फोन ठेव, मी बघते."

संध्याकाळी मॅडमनी मला खोलीत बोलावून सांगितलं की कंपनीशी बोलणं झालं आहे. नवी बाटली कंपनीच्या डेपोतून थेट दवाखान्यात येईल, नीट पॅक होऊन, आणि तिचं काही द्यावं लागणार नाही. रजत सगळा माल परत पाठवतोय. मॅडमनी त्याला सुनावलं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी पेपरवेट इकडून तिकडे सरकवला.

"फक्त एक. याचा बोभाटा नको. अजून कुणाला काय झालंय ते कळलेलं नाही. वॉर्डात घबराट झाली तर बायका उपचार सोडून घरी जातील, हे तुलाही माहीत आहे."

"गंगूबाईंना सांगितलं?"

"तिला जे दिलं ते शेवटी औषधच आहे, संबोधी. पाणी नाही. आपण तिचा हृदयाचा इको करू, लक्ष ठेवू."

"त्यांना सांगितलं का?"

"वेळ आली की सांगू."

मी घरी आईला सगळं सांगितलं, बोभाटा न करण्याच्या अटीसकट. बाबा ऐकत होते. आईनं फक्त विचारलं, "म्हणजे माझी बाटली फुकट, ती गंगूबाईबद्दल आपल्याला गप्प बसवण्याची?"

"असं कुणी म्हणालं नाही."

"कुणी कशाला म्हणेल?" आई म्हणाली आणि भाजी चिरायला घेतली.

पुढच्या आठवड्यात बाटली आली. मी दवाखान्याच्या दारात उभी राहून ती खोक्यातून बाहेर काढली, आडवी केली. द्रव हलला, जरासा दुधट, लाल. मॅडमच्या परवानगीनं चार थेंब काढून विभागात नेले. एकच पट्टा, झरझर खाली. मी परत आले तेव्हा सिस्टरनं औषध ग्लुकोजच्या सलाइनमध्ये मिसळून स्टँडला लावलं होतं. आईच्या मनगटात सुई बसवलेली होती, नळी जोडायची बाकी होती.

शेजारच्या पलंगावर गंगूबाई होती. आडवी नाही, तीन उश्या पाठीला लावून बसलेली. पावलं सुजलेली, चादरीबाहेर. चार शब्द बोलली की थांबत होती.

"अशक्तपणा म्हणतात," ती आईला सांगत होती. "झोपलं की... जीव घाबरा होतो. बसलं की बरं."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी तीही अशीच उश्या लावून बसत होती. हृदयाचा तो काय प्रकार असतो, हे आम्हा दोघींना समजावायची गरज नव्हती. तो त्या बाटलीमुळेच होता, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. दुसरंही कारण असू शकतं. पण कारण शोधायला आधी कुणी तरी प्रश्न विचारायला हवा, आणि गंगूबाईला प्रश्नच माहीत नव्हता.

मॅडम राउंडवर आल्या. सिस्टरनं नळी हातात घेतली. आईनं हात मागे घेऊन पदराखाली धरला.

"मॅडम, आधी हिला सांगा."

"काय सांगू यशोधराबाई?"

"तिच्या दवाईचं. माझ्या पोरीनं तपासलं ते."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी तिला शिकवून आणलंय, असं त्यांना वाटलं. मला तर त्या क्षणी आईचाच राग आला होता. माझ्या डोळ्यांसमोर चांगलं औषध लटकत होतं, तिच्या मनगटात सुई होती, आणि ती हात लपवून बसली होती, शाळेतल्या पोरीसारखी.

"आई, हात दे. मग बोलू."

"मग कुणी नाही बोलत," आई म्हणाली. "मग सगळे घरी जातात."

"यशोधराबाई," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "हे मिसळलेलं औषध असं बाहेर ठेवता येत नाही. खराब होईल. तुमचं नुकसान होईल, दुसऱ्या कुणाचं नाही."

आईनं मला विचारलं, "किती वेळ ठेवता येतं?"

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. सिस्टर बघत होती. दाराशी बाबा उभे होते, आत यायचं की नाही न ठरवता. मी म्हटलं असतं की एक तास, तर आईनं हात पुढे केला असता. मी तिला ओळखते. तिला जगायचं होतं. महिनाभर त्याच एका गोष्टीसाठी ती स्वतःला सांभाळत होती.

"फ्रिजमध्ये ठेवलं तर उद्यापर्यंत," मी म्हणाले. "गोठू दिलं नाही तर."

"मग ठेवा फ्रिजमध्ये," आई सिस्टरला म्हणाली. "मी बसलेय."

"काय तपासलं?" गंगूबाईनं विचारलं. तिनं उशीवरून पाठ उचलली होती. "माझ्या दवाईचं... काय तपासलं?"

वॉर्डातल्या बाकीच्या बायका आता इकडे बघत होत्या. मॅडमचा चेहरा लाल झाला होता. रागानं की लाजेनं, मला सांगता येणार नाही. मीही इतकी रागात होते की मला फरक करायचा नव्हता. मग त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढला, खिशात कोंबला आणि गंगूबाईच्या पलंगाच्या काठावर बसल्या. त्यांनी सांगितलं. सोपं करून, पण काही न वगळता: औषध कशात भरलेलं असतं, ते कसं फुटलं, कुठे, आणि हे त्यांना त्याच दिवशी कळलं होतं.

गंगूबाईनं सगळं ऐकून घेतलं. तिला श्वास पुरत नव्हता, म्हणून ती मध्ये बोलली नाही. मग म्हणाली, "त्याच दिवशी कळलं. आणि मला अशक्तपणा सांगितला?"

"आजच इको करते. मोठ्या डॉक्टरांना बोलावते, हृदयाच्या."

"ते कराच." ती थांबली, श्वास घेतला. "पण मला लिहून द्या. हे सगळं. मराठीत, नाही तर हिंदीत. माझा मुलगा वाचेल असं."



"आणि त्या दुकानाचं नाव," गंगूबाई माझ्याकडे वळून म्हणाली. "तू सांग. तू बघून आलीस ना?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. पलासियाच्या चौकातून कुठल्या बाजूला वळायचं तेही, आणि फ्रीझर मागच्या बाजूला आहे हेही. वॉर्डातल्या दोन बायकांनी आपापल्या उशाखालची औषधाची खोकी काढून पाहायला सुरुवात केली. त्यातल्या एकीनं बाबांना हाक मारली, "ओ भिया, जरा वाचून देता का, चश्मा नाही माझ्याकडे." बाबा पुढे गेले, खोकं हातात घेतलं आणि म्हणाले, "मला पण नाही येत हे वाचायला. मुलीला विचारा."

आईनं पदराखालून हात काढला आणि सिस्टरपुढे धरला.

"आता लावा," ती म्हणाली.